शेवटचा टाका पडल्यानंतर

शेवटचा टाका पडला की ऑपरेशन थिएटरातली हवा बदलते. इतका वेळ दबक्या आवाजात बोलणारी माणसं मोठ्याने बोलू लागतात. सर्जन ग्लोव्हज उतरवतात, सिस्टर हत्यारं मोजून ट्रेमध्ये टाकतात, कोणीतरी चहाचं विचारतं, आणि दाराबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना निरोप जातो, "झालं. सगळं व्यवस्थित." मी भूल देणारी डॉक्टर. बावीस वर्षं हे काम करते आहे आणि त्या "झालं"वर माझा अजून विश्वास बसलेला नाही. भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं तरी आतल्या वाफेवर भात शिजतच असतो.

हे मी शिकले ते उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान शहरातल्या हॉस्पिटलात, फेब्रुवारीतल्या एका दुपारी. एमडी झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी मी तिकडे गेले होते. पेशंट २४ वर्षांचा, रग्बी खेळणारा, वजन ९२ किलो, मांड्या खांबासारख्या. खेळताना घोटा मोडला होता. प्लेट आणि स्क्रू घालायचे होते. शाळेत असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तेही पूर्ण भूल देऊन, आणि तेव्हा काहीही त्रास नाही. घरात कोणाला भुलीचा त्रास झालाय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही. मी फॉर्मवर रेघ ओढली.

प्रोपोफॉल देऊन झोपवला, घशात श्वासासाठी लॅरिंजियल मास्क बसवला आणि सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वाफेवर ठेवला. श्वास त्याचा तोच घेत होता. मांडीला टूर्निके, म्हणजे रक्त थोपवणारा पट्टा, बांधलेला. पावणेदोन तासांचं साधं काम. त्या दिवशीचा तक्ता मी नंतर इतक्या वेळा पाहिला आहे की तो मला पाठ आहे. सुरुवातीला नाडी ८२, शेवटी १०४. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला ४२, शेवटी ५१. दोन्हींना माझ्याकडे चांगलं कारण होतं. टूर्निके तासाभराच्या वर राहिला की नाडी वाढतेच. तो सोडला की पायात अडकलेलं रक्त परत येतं आणि कार्बन डायऑक्साइड थोडा चढतोच. शिवाय श्वास मंदावणारं मॉर्फिन दिलेलं, आपणहून श्वास घेणारा पेशंट. पन्नासच्या आसपासचा आकडा कोणाच्याही भुवया उंचावणारा नव्हता. आजही तसा तक्ता कोणी माझ्यापुढे ठेवला तर मी त्यात दोष काढू शकणार नाही. पुढे जो आजार निघाला त्याची भीती वाटते ती याचमुळे. सुरुवातीला तो नेहमीच्याच कारणांचे कपडे घालून येतो.

रिकव्हरीत, म्हणजे भूल उतरेपर्यंत पेशंट ठेवतात त्या खोलीत, त्या दिवशी कोट्टायमच्या एक सिस्टर होत्या. त्या हॉस्पिटलात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, पण वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमत नसे. मी त्यांना सिस्टरच म्हणायचे. पेशंट जागा झाला, मास्क काढला, आईबद्दल विचारलं, मग पुन्हा डोळे मिटले. मी पुढची केस लावायला गेले. वीस मिनिटांनी सिस्टरांचा फोन आला.

"तो कुडकुडतोय, डॉक्टर. पण घामाने भिजलाय."

भुलीनंतर कुडकुडणं हे रोजचं. थिएटर गार असतं, भुलीत शरीराचं तापमान उतरतं, जाग आली की दात वाजू लागतात. गरम हवेचं ब्लँकेट आधीच घातलेलं होतं. मी जाऊन पाहिलं तर श्वास मिनिटाला ३८, नाडी १४८, तापमान ३७.९, म्हणजे आपल्याकडच्या थर्मामीटरवर शंभरच्या जरासं वर. मी म्हणाले, "ब्लँकेट जास्त झालंय. ते काढा आणि थोडं पेथिडीन देऊ." सिस्टरांनी ब्लँकेट काढलं. औषधाच्या कपाटाकडे मात्र त्या गेल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि त्याच्या दुसऱ्या, धडधाकट पायाच्या पोटरीवर ठेवला.

लाकूड. दुसरा शब्द नाही. कुडकुडणारा स्नायू हाताखाली थरथरतो, मध्येच सैल पडतो. हा सैल पडतच नव्हता. तोंड उघडायला सांगितलं तर जबडा दोन बोटांपलीकडे उघडेना. आणि तो घाम! थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला घाम कशाला येईल?

मनगटातून रक्त घेऊन तपासणीच्या यंत्रात घातलं. कागद बाहेर येईपर्यंतचं ते मिनिट मी विसरलेले नाही. रक्ताचा पीएच ७.१२, म्हणजे आम्ल वाढलेलं. कार्बन डायऑक्साइड ८१. पोटॅशियम ६.३.

या तीन आकड्यांतला मधला नीट पाहायला हवा. माणूस मिनिटाला ३८ वेळा श्वास घेतोय, म्हणजे भात्यासारखा कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतोय. रक्तातला आकडा चाळीसच्या खाली, तिसाच्याही खाली यायला हवा होता. जंतुसंसर्गाने फणफणलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसात तो सहसा तसाच सापडतो. इथे तो दुप्पट होता. याचा अर्थ एकच निघतो: शरीरात कुठेतरी एवढी प्रचंड जळण चालू आहे की फुप्फुसं कितीही धावली तरी धूर बाहेर काढायला पुरी पडत नाहीत. मॅलिग्नंट हायपरथर्मिया. हे नाव मी परीक्षेत लिहिलं होतं, तोंडीला सांगितलं होतं, आणि माणसात कधी पाहिलं नव्हतं.

नाव मात्र फसवं आहे. हायपरथर्मिया म्हटलं की आपण थर्मामीटरकडे बघत बसतो, आणि तापमान पुष्कळदा सगळ्यांत शेवटी चढतं. आधी येतो कार्बन डायऑक्साइड, नाडी, स्नायूंचा ताठरपणा. स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. हलायचा हुकूम आला की कोठीचं दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आखडतो. काम झालं की कॅल्शियम परत आत ओढलं जातं. त्या दाराला रायनोडिन रिसेप्टर म्हणतात. काही माणसांत जन्मतःच या दाराच्या बांधणीत चूक असते. एरवी त्यांना काहीच होत नाही. ती शेती करतात, रग्बी खेळतात, बाळंत होतात, म्हातारी होतात. पण भुलीची वाफ, म्हणजे हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन, नाहीतर स्नायू सैल करणारं स्कोलिनचं इंजेक्शन त्यांच्या अंगात गेलं, तर ते दार उघडं ते उघडंच राहतं. सगळ्या अंगाचे स्नायू एकाच वेळी राबू लागतात. प्राणवायू संपत जातो, आम्ल साठतं, उष्णता निघते, शेवटी पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात येऊन हृदय बंद पाडतं. मेंदूने ठरवून चढवलेला हा ताप नसतो. त्यामुळे पॅरासिटामॉलचा त्यावर काहीही उपयोग नाही.

आणि हे दरवेळी घडतंच असं नाही. त्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन सुखरूप झालं होतं ना? ज्यांना हा झटका आला अशांपैकी साधारण निम्म्यांना त्याआधी कधीतरी भूल दिली गेलेली असते आणि तेव्हा काही झालेलं नसतं. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" हे वाक्य पेशंट आम्हाला धीर देण्यासाठी सांगतात, आणि खरं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

त्या हॉस्पिटलात रिकव्हरीच्या भिंतीलगत एक पेटी होती. वर मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव, आत डॅन्ट्रोलिनच्या व्हायल आणि कोणी काय करायचं हे लिहिलेली कार्डं. डॅन्ट्रोलिन हे यावरचं एकमेव औषध. ते त्या उघड्या दारावरच काम करतं. पण ते तयार मिळत नसे. व्हायलमध्ये नारिंगी-पिवळी पूड. एका व्हायलमध्ये २० मिलिग्रॅम औषध, आणि ते विरघळवायला ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी. किलोमागे अडीच मिलिग्रॅम धरले तर ९२ किलोला २३० मिलिग्रॅम, म्हणजे बारा व्हायल. बारा व्हायल म्हणजे बारा वेळा पाणी ओढणं, बारा वेळा हलवणं, आणि ती पूड लवकर विरघळत नाही. सिस्टरांनी थिएटरातली माणसं हाक मारून बोलावली. ज्या सर्जननी घोटा जोडला होता ते हिरव्या कपड्यांतच खाली बसून व्हायल हलवत होते, त्यांच्या शेजारी सफाईच्या बाई. कोणी कोणाला पद विचारलं नाही.

मी तोवर त्याला पुन्हा झोपवून श्वासनलिकेत नळी घातली होती, प्रोपोफॉल आणि स्नायू सैल करणाऱ्या रोक्युरोनियमवर, कारण ही दोन्ही या माणसांना चालतात. वाफेचा अंशही नसलेल्या स्वच्छ यंत्रावर शंभर टक्के प्राणवायू आणि जोराचा श्वास. काखेत, जांघेत बर्फ. शिरेतून गार सलाईन. पोटॅशियम उतरवायला ग्लुकोज-इन्सुलिन आणि कॅल्शियम. लघवीची नळी घातली तेव्हा पिशवीत कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी उतरली. तो रंग फुटलेल्या स्नायूंचा. तापमान ३९.८ पर्यंत गेलं.

पहिली मात्रा गेल्यावर दहाएक मिनिटांनी सिस्टर पुन्हा पोटरीवर हात ठेवून उभ्या होत्या. मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइड उतरताना मी पाहत होते, आणि त्या म्हणाल्या, "सैल पडतेय." आणखी सहा व्हायल लागल्या. ३८ वर तापमान आल्यावर बर्फ काढला, कारण त्यापुढे गार करत राहिलं तर माणूस उलट्या बाजूला घसरतो.

शिकताना आम्हाला सांगत की हा आजार ऑपरेशननंतर चोवीस तासांत कधीही उगवू शकतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ताप आलेल्या प्रत्येक पेशंटबद्दल कोणीतरी दबक्या आवाजात हे नाव घेई. २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या नोंदवहीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५२८ रुग्णांपैकी फक्त दहा जणांमध्ये आजार ऑपरेशन संपल्यावर सुरू झाला होता, आणि त्या दहाही जणांत तो भुलीची वाफ बंद केल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत दिसला. नुसता ताप, बाकी काही नाही, असा त्यांत कोणीच नव्हता. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशीचा सुटा ताप बहुधा हा नव्हे, तिथे जखम, छाती, लघवी तपासा. आणि पहिला तास मात्र जिवापाड जपा. नेमक्या त्याच तासात आपल्याकडे पेशंट लिफ्टमधून वॉर्डात चाललेला असतो, सोबत एक वॉर्डबॉय मामा आणि सलाईनची बाटली.

चोवीस तासांचा पहारा लागतोच, पण तो एकदा आवरलेला आजार पुन्हा उलटतो का हे पाहण्यासाठी. साधारण पाचातल्या एकाला तो पुन्हा गाठतो. आमच्या त्या रग्बीवाल्या पेशंटला त्याने पहाटे चारला, बारा-तेरा तासांनी, पुन्हा गाठलं. आयसीयूत दर सहा तासांनी डॅन्ट्रोलिन चालू असूनही नाडी चढू लागली, जबडा आवळला. त्या वेळी मात्र आम्ही जागेवर होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई माझ्याशी बोलत बसली होती. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी जरा वेगळा करून: "घरात कोणी ऑपरेशनच्या वेळी, किंवा लगेच नंतर, अचानक गेलं होतं का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना टॉन्सिल काढताना गेला होता. घरात म्हणत, त्याचं हृदय कमकुवत होतं. मुलाला हे माहीतच नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या, फोटोतही नसलेल्या पोराबद्दल त्याला कोण सांगणार?

पुढे लीड्समधल्या या आजाराच्या केंद्रात मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून त्याची तपासणी झाली. ताज्या स्नायूची पट्टी हॅलोथेनमध्ये आणि कॅफीनमध्ये धरतात आणि ती किती आखडते ते मोजतात. पट्टी आखडली. आईचीही. तिच्या बहिणीची, बहिणीच्या एका मुलाचीही.

हा आजार जगाला ठाऊक झाला तोच मुळी घरातल्या एका मुलाने हट्टाने सांगितल्यामुळे. मेलबर्नमध्ये २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला गाडीने उडवलं, पाय मोडला. पायापेक्षा त्याला भुलीची धास्ती होती. त्याच्या घरातली दहा माणसं इथर, म्हणजे भुलीची जुनी वाफ, दिल्यावर गेली होती, आणि तो ते प्रत्येकाला सांगत होता. डॉक्टरांनी इथर टाळून त्या वेळचं नवं हॅलोथेन दिलं. दहा मिनिटांत रक्तदाब घसरला, अंग तापलं, घाम फुटला. भूल थांबवली, बर्फात ठेवला, आणि तो वाचला. मायकेल डेन्बरो आणि रिचर्ड लव्हेल यांनी १९६० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र लिहिलं. त्याचा मथळा होता, एका कुटुंबातले भुलीचे मृत्यू. डेन्बरोंनी त्या घराची वंशावळ मांडली आणि हा दोष आईकडून किंवा बापाकडून, निम्म्या मुलांना मिळू शकतो असं दिसलं. त्या विद्यार्थ्याचं मला फार कौतुक वाटतं. मोडका पाय घेऊन, गुंगीत, परक्या डॉक्टरांपुढे त्याने घरातले दहा मेलेले जिवंत ठेवले.

औषध यायला आणखी पंधरा वर्षं गेली. डॅन्ट्रोलिन १९६७ मध्ये बनलं होतं, पण स्नायूंच्या ताठरपणावरचं औषध म्हणून. काही जातींच्या डुकरांमध्ये हाच दोष असतो. केपटाऊनच्या गेस्फर्ड हॅरिसन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की अशा डुकरांना ते दिलं की ती वाचतात. पूर्वी दहांतली सात-आठ माणसं या आजारात दगावत. आता जिथे औषध हाताशी आहे तिथे दगावणारे फार थोडे.

जिथे औषध हाताशी आहे. मी परत आले आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात काम सुरू केलं. इथे भूलतज्ज्ञ म्हणजे डिकीत बॅग टाकून सकाळी या नर्सिंग होमला सिझेरियन, दुपारी त्या नर्सिंग होमला हर्निया. शेवटचा टाका पडतो तेव्हा पुढच्या ठिकाणाहून दोन फोन येऊन गेलेले असतात. इंजेक्शनचं डॅन्ट्रोलिन आपल्या देशात वर्षानुवर्षं बाजारात मिळतच नसे. बाहेरून मागवायचं, महाग, काही वर्षांत मुदत संपणार, आणि बहुधा न वापरताच फेकायचं. मग कोणतं दहा खाटांचं हॉस्पिटल ते ठेवेल? मला त्या मालकांचा राग येत नाही. पण जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांनी मिळून एका ठिकाणी तरी साठा ठेवावा, अर्ध्या तासात गाडीने पोहोचेल असा, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहणार आहे. तोवर माझ्या हातात दोन गोष्टी आहेत. ऑपरेशननंतर तासभर मी पेशंटजवळून हलत नाही; त्यापायी काही कामं गेली, ती गेली. आणि दुसरी, तो प्रश्न.

आपल्याकडे तो प्रश्न विचारणं अवघड आहे. "भुलीचा त्रास" म्हटलं की लोकांना उलट्या आठवतात. मी सरळ विचारते, "टेबलावर कोणी गेलं होतं का? ऑपरेशननंतर अंग तापून कोणी गेलं होतं का?" आणि बाई असेल तर उत्तर नवरा देतो, नाहीतर सासू. ती उत्तरं सासरची असतात. बाईच्या रक्तात सासरचं काय असणार? म्हणून मी नवऱ्याला बाहेर बसवते आणि विचारते, "माहेरी?"

दोन वर्षांपूर्वी एक बाई आली, ३१ वर्षांची, पित्ताशयात खडे. माहेरचं विचारल्यावर म्हणाली, "एक मामा गेलावता. हर्नियाला. मी पाळण्यात होते." मी म्हटलं, आईला फोन लाव. तिने स्पीकरवर लावला. पलीकडून आई म्हणाली, "अगं, कशाला आता ते उकरतीस?" मग थोडं थांबून, "भाजत हुतं अंग. हात लावू देईना. आन् पाय असं लाकडावानी. डाक्टरवर केस करायला निघालं हुतं तुझं आजोबा. सगळी म्हनली, करनी केली कुनीतरी."

हा तोच आजार होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी तिला आमच्या गावात भूल दिली नाही. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात औषध असल्याची खात्री केली आणि तिथल्या भूलतज्ज्ञांशी दोनदा बोलले. त्यांनी यंत्रावरचे वाफ सोडणारे व्हेपोरायझर काढून ठेवले, कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम आणि नळ्या बदलल्या, यंत्र प्राणवायूने धुऊन घेतलं, आणि दिवसाची पहिली केस म्हणून प्रोपोफॉलच्या ड्रिपवर तिचं ऑपरेशन केलं. स्कोलिनची अँप्यूल खोलीतही ठेवली नाही. सगळं नीट पार पडलं.

जाण्याआधी मी तिला मराठीत एक चिठ्ठी लिहून दिली होती. या घराण्यात अमुक आजाराचा संशय आहे, अमुक औषधं देऊ नयेत, अमुक चालतात, पूर्ण भूल द्यायची तर डॅन्ट्रोलिन असेल तिथेच द्यावी. खाली माझी सही आणि शिक्का. म्हटलं, ही भाऊ-बहिणी, मावश्या, मामांची मुलं, सगळ्यांकडे असू दे.

महिन्याभराने ती भेटायला आली. पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात घडी घातलेले कागद. "अकरा झेरॉक्स काढल्या, मॅडम. आईनं एक देव्हाऱ्याखाली ठेवलीय. थोरल्या मामाचा पोरगा तेवढा दुबईला असतो. त्याला इंग्रजीत लिहून द्याल का?"

मी लेटरहेड ओढलं आणि लिहायला बसले.